चार नंबरचं तोंड

आमच्या नव्या घराच्या खालच्या खोलीत जमिनीतून पाइपांची चार तोंडं वर आलेली होती आणि त्यातलं कोणतं कशाचं हे घरात कुणालाही ठाऊक नव्हतं. घर नवं म्हणायचं ते फक्त आम्हाला नवं म्हणून. मूळ मालकाने ते अर्धंमुर्धं बांधलं, तेवढ्यात त्याचा मुलगा परदेशात स्थिरावला, त्याने आईवडिलांना तिकडे बोलावून घेतलं आणि घर आहे त्या अवस्थेत आमच्या आप्पांच्या गळ्यात पडलं. आप्पा, म्हणजे माझे वडील, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. हा शब्द ऐकला की लोकांना पोलीस आठवतो, पण त्यांचं काम लेथवरून उतरलेल्या सुट्या भागांना गेज लावून 'पास' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं. उभा जन्म हेच केल्यामुळे घरातही त्यांच्याकडे हे दोनच शेरे असत. आमटी पास, माझं अक्षर रिजेक्ट. निवृत्ती आली, क्वार्टर सोडणं भाग पडलं, आणि वारज्याच्या अलीकडे टेकडीच्या उतारावरचं हे घर त्यांनी एका फेरीत पास करून टाकलं. त्या फेरीत ते खालच्या खोलीत उतरलेच नव्हते, हे आईला नंतर कळलं आणि पुढे कित्येक वर्षं तिला ते बोलायला पुरलं.

रस्त्यावरून पाहिलं तर घर एकमजली दिसायचं आणि मागच्या अंगणातून पाहिलं तर दुमजली. उतारामुळे तसं झालं होतं. वर स्वयंपाकघर, दोन खोल्या, न्हाणीघर आणि संडास. खाली निम्मी जमिनीत गेलेली एक लांबरुंद खोली, तिला आप्पा तळघर म्हणत आणि आई 'ती खालची'. दोन्हींच्या मध्ये बाहेरून उतरणारा दगडी जिना, अरुंद, उभा, कठडा नसलेला. घरातून कालवा दिसायचा आणि त्यातून खडकवासल्याचं पाणी शहराकडे चाललेलं दिसायचं, पण आमच्याकडे नळ अजून यायचा होता. तोवर टँकर. आज तिथे उभं राहिलं तर इमारतींखेरीज काही दिसत नाही. माझ्या नातवाला मी म्हटलं, इथून कालवा दिसायचा, तर त्याने फोनमध्ये नकाशा काढून मला कालवा दाखवला.

मी लहानाची मोठी झाले ती कारखान्याच्या भोंग्यावर. सकाळच्या भोंग्याला आप्पांची सायकल निघायची, दुपारच्या भोंग्याला आई भात टाकायची. मधूनच लांबून चाचणीचे बार ऐकू यायचे, मांडणीवरची भांडी किणकिणायची, आणि त्यामुळे कुणाचा हातातला घास थांबत नसे. नव्या घरात यातलं काहीच नव्हतं. दुपारभर वारा, आणि कधीतरी टँकरवाल्याची शिवी. आई पहिले काही दिवस भांबावल्यासारखी झाली होती. घरात घड्याळ होतं, पण घड्याळ चुकू शकतं, भोंगा चुकत नाही, असं तिचं मत. तिला भात कधी टाकायचा हेच समजेना. त्या दिवसांत आम्ही भलत्याच वेळी जेवायचो. पिठलं गार झालेलं असायचं, भाकरी वातड, आणि एकदा वरणफळं इतकी शिजली की आप्पांनी त्यांना कोणताही शेरा न देता चमच्याने खाल्ली.

या सगळ्यात आवाज एकच ओळखीचा राहिला होता, तो म्हणजे ताईच्या पायाचा. माझी ताई, प्रमिला, आईची पमा, माझ्याहून पुष्कळ मोठी. पोलिओने तिचा उजवा पाय लहानपणीच गेला होता आणि ती कॅलिपर लावून चालायची. लोखंडी पट्ट्यांच्या त्या बुटाचा टेकताना एक आवाज होई आणि उचलताना दुसरा, त्यामुळे ती कुठल्या खोलीत आहे हे घरात कधी विचारावं लागत नसे. डाव्या पायाने ती शिवणयंत्र मात्र असं चालवायची की क्वार्टर्समधल्या बायका ब्लाउज शिवायला दुसरीकडे जात नसत. जवान लोक वर्दी बेतून घ्यायला आमच्या व्हरांड्यात रांगेत उभे राहत. बोलायला ती तिखट. एका बाईने तिला विचारलं होतं, पायाचं काही होणार नाही का गं आता? ताई म्हणाली होती, "होणार आहे ना. तुमचा ब्लाउज होणार आहे गुरुवारी."

खालची खोली पाहिली त्या दिवशीच तिने मनात ती घेऊन टाकली. उत्तरेचा उजेड, मशीन ठेवायला लांब भिंत, अंगणाच्या बाजूने सरळ आत येता येईल असं दार. इथे शिवणक्लास काढायचा, मुली मागच्या पायवाटेने येतील, आणि राहायचंही इथेच, असं तिने जेवताना सांगितलं. अडचण एकच होती आणि ती सांगायला कुणी धजेना. खाली संडास नव्हता. दर वेळी तो उभा जिना चढून वर यायचं, पुन्हा उतरायचं, हे तिच्याने होण्यासारखं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात ती त्या जिन्यावर घसरली. लागलं फारसं नाही, पण आईने ते पाहिलं. नवा संडास बांधावा तर फरशीखाली अखंड काळा दगड, तो फोडून पाइप नेणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणजे जे काही व्हायचं ते मूळ मालकाने आधीच टाकून ठेवलेल्या त्या चार तोंडांतूनच.

आईला मात्र ताईचं लग्न व्हायला हवं होतं. त्यात दुष्टावा नव्हता. "आमच्या माघारी हिचं कोण?" हा एकच प्रश्न तिला पडायचा आणि त्याला तिच्याकडे एकच उत्तर होतं. नेमकं त्याच सुमारास मामाने एक स्थळ आणलं. नगरचे गृहस्थ, बिजवर, घरात दोन लहान मुलं. "पायाचं त्यांना चालतं," मामा म्हणाला. ताई म्हणाली, "वा! त्यांना चालतं आणि मला चालता येत नाही, जोडा छान." आप्पांनी दोघींमध्ये मार्ग काढला तो त्यांच्या पद्धतीने. रविवारी प्लंबर येईल. खालच्या चारांपैकी एखादा पाइप संडासाचा निघाला आणि तो खरोखरच मागच्या मैल्याच्या टाकीपर्यंत पोचत असला, तर ताईची खोली खाली. नसला, तर संध्याकाळी मामा पाहुण्यांना घेऊन येतोय, त्यांच्याशी बोलणी करायची. ताई "चालेल" म्हणाली. आपल्या जन्माचा निकाल असा पाइपावर लावून घेतलेलं दुसरं कुणी माझ्या पाहण्यात नाही.

इथे एका पुड्याबद्दल सांगायला हवं. ताईच्या जन्मानंतर माझी आजी, आईची आई, तुळजापूरला गेली होती आणि येताना तिने कुंकवाचा एक मोठा पुडा आणला होता, नातीच्या लग्नासाठी. पुढे आजी वारली. पुडा आईने मलमलीत गुंडाळून, डब्यात घालून, ट्रंकेच्या तळाशी ठेवला. दर दसऱ्याला तो बाहेर निघे, आई उघडून बघे, वास घेई आणि पुन्हा ठेवून देई. त्यातलं चिमूटभरही कधी कुणाच्या कपाळी लागलं नव्हतं. क्वार्टर सोडली तेव्हा सगळं सामान टेम्पोत गेलं, देवसुद्धा टोपलीत बसून टेम्पोतच गेले, आणि तो डबा मात्र आई मांडीवर घेऊन बसली.

रविवारी सकाळी गफूरभाई आले. खडकीच्या बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं आणि क्वार्टर्समधले नळ तेच दुरुस्त करत, म्हणून आप्पांनी त्यांना एवढ्या लांब बोलावलं होतं. आप्पांनी आधीच खडूने चारही तोंडांवर नंबर टाकले होते. एक नंबर भिंतीलगत गुडघ्याएवढा वर आलेला, बारीक. दोन नंबर फरशीत चौकोनी खड्डा सोडून त्याच्या तळाशी. तीन आणि चार मात्र दोन्ही बिडाचे, दोन्ही हाताचा पंजा आत जाईल एवढे रुंद, एक दाराजवळच्या कोपऱ्यात आणि एक आतल्या. दोन्हींच्या तोंडात गोणपाट कोंबून वर सिमेंटचा थर दिलेला. गफूरभाई उकिडवे बसले, चारही पाइपांवर हातोडी वाजवून आले आणि म्हणाले, "हा एक नंबर बेसिनचा. हा दोन नंबर नाणी ट्रॅप."

"नाणी कशाला टाकायची त्यात?" आईने विचारलं.

"अगं न्हाणी. न्हाणीचं पाणी जायचा," आप्पा म्हणाले. "आणि मोठे दोन?"

"मोठ्यातला एक गच्चीच्या पाण्याचा असणार. पावसाचं पाणी उतरवायला. दुसरा संडासाचा. पण साहेब, खरं सांगू का, हे दोन्ही मला आंधळे वाटतात. वर तोंड आहे, खाली जोडलेलंच नाही. मालकाने काम सोडलं ना मधेच."

"दाराजवळचा संडासाचा," आप्पा म्हणाले. "तीन नंबर. जागाच सांगते."

"जागा काय सांगते साहेब, पाणी सांगेल," गफूरभाई म्हणाले आणि सिमेंट फोडायला बसले.

ताई या सगळ्या वेळात आतल्या कोपऱ्यात, चार नंबरशेजारी, पाय पसरून जमिनीवर बसली होती.

नुसतं पाणी ओतून भागणार नव्हतं, कारण कुठल्या पाइपाचं पाणी कुठे निघालं हे समजायला त्याला रंग हवा. आईने कपड्यांची नीळ काढून दिली. मागच्या अंगणात टाकीच्या अलीकडे एक चेंबर होतं, म्हणजे खालच्या खोलीचे पाइप जिथे एकत्र येतात तो झाकणाचा हौद. त्याचं झाकण सरकवून मला तिथे उभं केलं. रंग दिसला की मी 'आलं' म्हणून ओरडायचं. मी तेव्हा कॉलेजात जाऊ लागले होते, आणि रविवारची सकाळ गटाराच्या तोंडाशी घालवायची मला हौस नव्हती. पण घरात ज्याला दुसरं काम नाही त्याला असलं काम मिळतं. आप्पांनी सुरुवात लहान पाइपांपासून केली. कारखान्यातली रीत, आधी बारीक भाग तपासायचे, मग जाड. ही रीत इथे नडणार आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एक नंबरमध्ये निळं पाणी ओतलं, चेंबरात निळं आलं. दोन नंबरमध्ये ओतलं, निळं आलं. मी दोनदा ओरडले. पण चेंबरातून टाकीकडे जाणारी वाट माती-खडीने जवळजवळ बुजलेली होती, ती गफूरभाई दुसऱ्या दिवशी माणूस आणून साफ करणार होते. त्यामुळे ते निळं पाणी पुढे सरेना. चेंबर अर्ध्यापर्यंत निळ्या पाण्याने भरून राहिलं आणि आत येणारी पाइपांची टोकं त्याखाली बुडाली.

मग तीन नंबर, आप्पांच्या खात्रीचा. राहिलेली सगळी नीळ त्यात गेली. मी चेंबरात डोळे लावून बसले. काही हललं नाही. तेवढ्यात गफूरभाईंनी घराच्या दुसऱ्या बाजूने हाक दिली. तिथल्या उघड्या चरातून, पावसाचं पाणी ओढ्याकडे जातं त्या चरातून, निळा ओघळ निघाला होता. तीन नंबर गच्चीचा. आप्पांनी तीनवर खडूने फुली मारली. त्यांना आपला अंदाज चुकल्याचं वाईट वाटलं असावं, पण त्यांनी तो दुसऱ्याचा असल्यासारखा रिजेक्ट केला.

राहिला चार नंबर. त्यात नुसतं पाणी ओतून पाहिलं. पाणी गेलं. पण गफूरभाई म्हणाले, आंधळा पाइपसुद्धा बादली दोन बादल्या गिळतो, खाली भेगा असतात. चेंबरात पाणी वाढलं का, यावर आप्पांचं आणि त्यांचं एकमत होईना. आप्पांना वाढलेलं दिसे, गफूरभाईंना उतरलेलं. रंग हवा होता आणि तो निळा नसलेला हवा होता. चढाखालचं एकुलतं एक किराणा दुकान दुपारच्या झोपेसाठी बंद झालं होतं, आणि पुण्यातल्या दुकानदाराला त्या वेळी उठवण्याची हिंमत आप्पांच्यातही नव्हती. दुकान उघडेपर्यंत मामा पाहुण्यांना घेऊन दारात उभा राहिला असता.

आम्ही सगळे खालच्या खोलीत जमलो. आप्पांनी हळद मागितली.

"हळद?" आई म्हणाली. "त्यात?"

"स्वयंपाकातली दे. देवाची नको."

"हळद ती हळद. तिला काय ठाऊक ती कुठली? आणि ते संडासाचं तोंड निघालं तर?"

"वहिनी, नकोच हळद," गफूरभाई म्हणाले. "पिवळं पाणी संडासाच्या लायनीत कुणाला ओळखू येणार?"

यावर ताई मोठ्याने हसली, सकाळपासून पहिल्यांदा. मी तिखट सुचवलं. आप्पांनी पेल्यात कालवून पाहिलं, तिखट तळाशी बसलं आणि पाणी होतं तसंच राहिलं. हळदीत चुना कालवला की लाल होतं, असं मी म्हटलं, तर आई म्हणाली, "मग ते कुंकूच की झालं." तो शब्द तिच्याच तोंडून निघाला. निघाल्यावर तिला कळलं, आणि आम्हा सगळ्यांनाच कळलं. गफूरभाई हळूच उठून दारापाशी जाऊन उभे राहिले. "ते तुमचं देवाचं," ते म्हणाले, "मी त्याला हात नाही लावणार."

ताई म्हणाली, "आई, तो पुडा कुणासाठी ठेवलायस?"

"तुझ्यासाठीच ठेवलाय."

"मग दे."

"असं कसं देऊ? कोणतं तोंड कशाचं ठाऊक नाही, आणि तुळजापूरचं कुंकू त्यात ओतू? संडासाचं निघालं म्हणजे?"

"संडासाचं निघावं म्हणूनच ओतायचं ना," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मला नगरला जायचं नाही. ते माणूस म्हणून चांगले असतील. मला इथे राहायचंय, या खोलीत, माझ्या मशीनपाशी. एवढंच हवंय मला. लग्नाचं कुंकू लग्नालाच लागलं पाहिजे, तर मग ते तसंच ट्रंकेत राहू दे आणि मी पण राहते वर, जिना बघत."

आई बाहेर पडली. जिन्यावर तिची पावलं वर गेलेली ऐकू आली. आप्पा खडूशी चाळा करत बसले. मला वाटलं, आता ती देवासमोर जाऊन बसणार आणि पाहुणे येईपर्यंत उठणार नाही. मला काळजी वाटली, ताईची नव्हे, आईची. त्या डब्याखेरीज आईकडे तिच्या आईचं काही उरलेलं नव्हतं. ती परत आली तेव्हा हातात तो डबा होता. तिने तो आप्पांना दिला नाही. वाकून ताईच्या मांडीवर ठेवला, मलमलीची गाठ स्वतः सोडली आणि मला म्हणाली, "चल बाहेर. आपण तिथे उभ्या राहू."

आम्ही दोघी चेंबरापाशी येऊन उभ्या राहिलो. आतून बादलीचा आवाज आला, मग पाणी ओतल्याचा, मग पुन्हा बादलीचा. चेंबरातलं निळं पाणी स्थिर होतं. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दिसलं नाही तर लगेच ओरडू नकोस. आधी मला सांग." सकाळपासून तिला काय हवं होतं याची मला खात्री होती, ती त्या वाक्याने गेली. पुढे मी पुष्कळदा विचार केला, काहीच दिसलं नसतं तर मी 'आलं' म्हणून ओरडले असते का, आणि आईने मला ओरडू दिलं असतं का. मला वाटतं, मी ओरडले असते. आईचं मला अजून सांगता येत नाही.

आतून आप्पांनी विचारलं, "आलं का?" मी उत्तर दिलं नाही. तिसरी बादली ओतल्याचा आवाज आला. मग चेंबराच्या आतल्या कडेला, पाण्याखाली, निळ्यात एक जांभळा ढग उठला. तो पसरला, कडेची माती वर आली, आणि त्यामागून लाल आलं, घट्ट लाल, आरतीच्या ताटातल्या पाण्यासारखं. मी ओरडायला तोंड उघडलं, पण त्याआधी आईच ओरडली. "आलं! पमा, आलं गं!" तिला एवढ्या मोठ्याने ओरडताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही ऐकलं नाही.

कॅलिपरचा आवाज दारातून अंगणात आला, नेहमीपेक्षा भराभर. ताईचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ती चेंबराच्या कडेला उभी राहून बघत राहिली. मग रडली. गफूरभाईंनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, "आंधळा नाही साहेब. चांगला डोळस आहे." आप्पा म्हणाले, "मीही चुकलोच, तीन नंबर म्हणत होतो," आणि दोघेही चुकल्यामुळे दोघांनाही बरं वाटलेलं दिसलं.

नेमके तेव्हाच मामा आणि पाहुणे आले. वर कुणी सापडेना म्हणून ते जिन्याने थेट मागे उतरले. पुढे मामा, त्याच्या मागे नगरचे गृहस्थ आणि त्यांची थोरली बहीण. त्यांना दिसलं ते असं: उघडं गटार, त्याभोवती घरची सगळी माणसं, मुलगी रडतेय आणि तिचे हात लालभडक.

"अगं, कुणाला लागलं?" मामा ओरडला.

"कुणाला नाही लागलं," आई पदराने डोळे पुसत म्हणाली. "दादा, संडास सापडला."

आई पाहुण्यांकडे वळली. "आपण एवढ्या लांबून आलात, वर बसा, मी पोहे करते. पण आधीच सांगते, आमच्या पमाचं ठरलं. ती इथेच राहणार. राग मानू नका." बहिणीने मानला. गृहस्थांनी मानला नाही. ते चेंबरात वाकले आणि आप्पांना विचारू लागले की पाइपाला उतार किती दिलाय, कारण त्यांच्या घरी तीच अडचण होती. आप्पांना असा माणूस फार दिवसांनी भेटला होता. पोहे सगळ्यांनी खाल्ले. आईने ते घाईत आधीच भिजवून ठेवले होते, त्यांचा लगदा झाला होता, आणि त्या बहिणीने तेही मनात नोंदवून घेतलं असणार.

ताई त्या खोलीत राहायला गेली ती आजतागायत तिथेच आहे. तिच्याकडे शिकलेल्या मुलींच्या मुली तिच्याकडे शिकून गेल्या. फरशा बदलल्या, भारतीय भांडं जाऊन कमोड आला, परवा नव्या टाइल्स बसवायला आलेल्या मुलाने पाइपात तारेवरचा कॅमेरा सोडला आणि मोबाइलवर बघून लाइन क्लिअर आहे म्हणाला. ताई त्याला म्हणाली, "आमची तपासणी झालेली आहे. तू तुझी कर." मी तिथेच होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं नाही, नाहीतर दोघींना हसू आवरलं नसतं.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर आम्ही सगळे पुन्हा खाली उतरलो. आप्पांनी चार नंबरवर खडूने 'पास' लिहिलं. ताई भिंतीला टेकून बसली होती. दमली होती. तो पुडा तिच्याशेजारी पडला होता आणि मलमलीच्या घडीत थोडंसं कुंकू उरलं होतं. आईने ते बोटावर घेतलं, आधी ताईच्या कपाळाला लावलं. मग खंडेनवमीला आप्पा सायकलीला आणि ताई मशीनला लावायची तसं, खाली वाकून चार नंबरच्या तोंडाला लावलं.

"अगं, तो संडासाचा आहे," आप्पा म्हणाले.

"हो ना," आई म्हणाली. "आता ठाऊक आहे."